जुन्या गाडीला नवे टायर : ३.२५-१९ आणि ४.००-१८ च्या जागी नेमकं काय बसवावं?

लोखंडी_घोडा
मंडळी, गाडी सत्तरच्या दशकातली होंडा सीबी ७५०. मूळ मापं पुढे ३.२५-१९, मागे ४.००-१८ (आधी टायरची रुंदी, मग रिमचा व्यास, दोन्ही इंचांत). दोन्ही टायरांची नक्षी शाबूत आहे, पण साइडवॉलला बारीक भेगा पडल्यात आणि तारखेचा आकडा तीनच अंकी आहे. २००० सालापासून तो चार अंकी झाला, म्हणजे हे रबर गेल्या शतकातलं. बदलायचे हे नक्की, वाद त्यावर नाही.

घोळ पुढे आहे. मला हवी ती नक्षी इंची मापात येत नाही, मेट्रिकमध्ये येते (रुंदी मिमीत, मग उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिम इंचांत). टायरवाला म्हणतो, पुढे ९०/९०-१९ आणि मागे १२०/९०-१८ टाका, डोळे झाकून बसतात. नेटवर तक्ते शोधले तर एकात ४.०० म्हणजे ११०/९०, दुसऱ्यात १२०/८०, तिसऱ्यात १२०/९०. कोणाचं खरं मानायचं? आणि मागचा टायर जरा भरदार दिसला तर मला आवडेलच, हेही आधीच सांगून टाकतो.

तेलकट_हात
तक्ते ठेवा बाजूला. आधी रिमची रुंदी सांगा, त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

टायर बसतो रिमवर, तक्त्यावर नाही. प्रत्येक टायरला कमीत कमी आणि जास्तीत जास्त रिम-रुंदी ठरवून दिलेली असते आणि ती टायर बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीत छापलेली असते. बहुतेक कंपन्यांकडे ९०/९० ला १.८५ ते २.५० इंच, १००/९० ला २.१५ ते २.७५, ११०/९० ला २.१५ ते ३.००, आणि १२०/९० ला २.५० ते ३.०० अशी मर्यादा दिसेल. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. तुमच्या काळातल्या गाड्यांची मागची रिम बहुधा त्यापेक्षा अरुंद निघते.

रुंदी रिमवरच ठोकलेली असते. व्हॉल्व्हच्या आसपास पुसून बघा, १.८५×१९ किंवा २.१५×१८ असं काहीतरी सापडेल. ब्रिटिश गाड्यांवर डब्ल्यूएम१, डब्ल्यूएम२, डब्ल्यूएम३ असं असतं, म्हणजे अनुक्रमे १.६०, १.८५ आणि २.१५ इंच. पन्नास वर्षांत कोणी रिम बदललीही असेल, त्यामुळे पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा चाकावर काय आहे ते धरा.

आकडे झिजले असतील तर मोजावं लागेल, आणि इथे हमखास गडबड होते. माप घ्यायचं ते दोन कडांच्या आतल्या बाजूंमधलं, जिथे टायरचा बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी आतली कड, टेकतो तिथलं. बाहेरून बाहेर मोजलं की अर्धा-पाऊण इंच जास्त येतं आणि माणूस खुशीत रुंद टायर घेऊन येतो. टायर चढवलेला असताना आतलं माप नीट मिळत नाही, तो उतरवायचाच आहे तर उतरल्यावर व्हर्नियर लावा.

आकडेमोडे
तेलकट_हात यांना अनुमोदन. रिमनंतरचा प्रश्न उंचीचा, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या व्यासाचा. तो कागदावर काढता येतो, थोडं गणित करूया.

जुन्या इंची मापात पहिला आकडा रुंदीचा आणि उंची साधारण तेवढीच धरायची. ३.२५ इंच म्हणजे ८२.५ मिमी. १९ इंचाची रिम ४८२.६ मिमी. वर-खाली दोन्हीकडची उंची मिळवली की सुमारे ६४८. आता ९०/९०-१९ : रुंदी ९०, उंची तिच्या ९० टक्के म्हणजे ८१, एकूण ६४५. तीन मिमीचा फरक, म्हणजे काहीच नाही. १००/९०-१९ धरलात तर ६६३ येतात, तो खरं तर ३.५०-१९ चा जोडीदार.

मागे ४.००-१८ चे येतात ६६०. ११०/९०-१८ चे ६५५, १२०/८०-१८ चे ६४९, १२०/९०-१८ चे ६७३. तुमच्या तीन तक्त्यांचं भांडण इथे सुटतं. एकाने व्यास जुळवला, दुसऱ्याने बसेल तेवढी रुंदी घेतली, तिसऱ्याने बहुतेक नुसता 'एक माप वर' हा हिशेब लावला. व्यासाने सगळ्यात जवळ ११०/९०.

हे सगळं कागदावरचं. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर व्यासात सहज काही मिमी फरक निघतो. म्हणून शेवटचा शब्द त्या त्या टायरच्या माहितीपत्रकातल्या व्यासाचा.

जाता जाता एक फसवं माप सांगतो. ३.६०-१९, ४.१०-१८, ४.६०-१८ असे आकडे दिसले तर ती इंची मापं असूनही बुटकी असतात, उंची रुंदीच्या ८०-८५ टक्क्यांच्या घरात. जुनी उंच मापं .००, .२५, .५०, .७५ वर संपतात. त्यामुळे ४.१०-१८ हा आकडा ४.००-१८ पेक्षा मोठा, पण टायरचा एकूण व्यास चांगला इंचभर कमी.

सुसाट
एवढं पीएचडी कशाला? माझ्या जुन्या गाडीला मागे १२०/९० घातलाय, रिम मूळचीच. बसला, हवा भरली, चालली. दिसतोही झकास. उगाच घाबरवू नका लोकांना.

तेलकट_हात
@सुसाट, बसतो हे मी नाकारत नाहीये. बसल्यावर त्याचं काय होतं ते सांगतो.

२.७५ च्या रिमसाठी घडवलेला टायर २.१५ वर चढवला की दोन्ही बीड आत ओढले जातात. साइडवॉल फुगते आणि माथा वर येऊन टोकदार होतो. सरळ जाताना मधली चिंचोळी पट्टीच टेकते, ती लवकर झिजते. गाडी झुकवली की त्या टोकावरून टायर झपकन कडेवर पडतो, वळण एकसारखं लागत नाही. वर गंमत अशी की रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची रुंदीही पाचेक मिमी घटते. १२० चा टायर प्रत्यक्षात ११४-११५ भरतो. भरदार दिसायला आणला आणि रिमने चेपून टाकला!

तुमचा रस्ता सरळ आणि वेग बेताचा असेल तर वर्षानुवर्षं काही जाणवणार नाही. म्हणून तो बरोबर ठरत नाही.

सुसाट
पटलं नाही, पण माथा टोकदार होतो हे खरंय. मधेच झिजलाय माझा. हवा जास्त भरल्यामुळे असेल असं वाटत होतं.

चेन_लूब
हवेनेही होतं तसं. तुमच्या बाबतीत दोन्ही असू शकेल.

मला अडचण दिसते ती जागेची. मागचा टायर निवडताना सगळे स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या चौकटीच्या) दोन भुजांमधली जागा बघतात. पण आधी घासतो तो भलतीकडेच : चेनगार्डच्या आतल्या कडेला, ब्रेकला फिरू न देणाऱ्या टॉर्क रॉडला, मडगार्डच्या आतून डोकावणाऱ्या बोल्टच्या डोक्यांना. आणि स्विंगआर्मच्या पुढच्या आडव्या नळीला. ही शेवटची जागा चेन कुठे आवळलीय त्यावर बदलते. चेन नवी असताना चाक पुढे असतं, तेव्हाच टायर नळीच्या सर्वात जवळ येतो. झिजलेल्या चेनवर मोजमाप करून टायर घेतला आणि पुढच्या महिन्यात नवी चेन टाकली की घासायला सुरुवात. म्हणून चाक पुढे सरकवून मोजा. शॉक पूर्ण दाबले गेल्यावर मडगार्डशी काय होतं तेही बघा. त्यासाठी शॉक काढून स्विंगआर्म हाताने वर उचलावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण नुसतं सीटवर बसून दाबलं तर पूर्ण दाब येत नाही.

उभ्या गाडीवर किती फट हवी? मी चारी बाजूंनी ५-६ मिमीपेक्षा कमी चालवून घेत नाही. टायर वेगात फुगतो, आणि क्रॉसप्लाय टायर (आतले धागे तिरपे, एकमेकांवर आडवेतिडवे) रेडियलपेक्षा (धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे) जास्त फुगतो. पुढच्या चाकाला फोर्क ब्रेस (फोर्कचे दोन पाय जोडणारी आडवी पट्टी) असेल तर तिथेही हाच नियम.

आकडेमोडे
उंचीचा परिणाम हाताळणीवर काय होतो तेही लिहितो, कारण 'दहा-बारा मिमीने काय होतंय' असं ऐकायला मिळतं.

मागे १२०/९० घातला तर व्यास १३ मिमीने वाढतो, म्हणजे ॲक्सल साडेसहा मिमी वर. पुढे ९०/९० ने ॲक्सल दीड मिमी खाली. एकूण आठ मिमी. साधारण १४५० मिमी व्हीलबेसवर हे सुमारे एक-तृतीयांश अंश होतं. तेवढ्याने हेडस्टॉक (हँडल ज्यात फिरतं ती चौकटीची नळी) जरा उभा होतो, ट्रेल (हँडलच्या अक्षापासून पुढचं चाक जितकं मागे टेकतं ते अंतर) कमी होते, गाडी वळायला चपळ आणि सरळ रेषेत थोडी चंचल होते. नव्या गाडीत जाणवणार नाही कदाचित. पण जुन्या गाडीचे स्टिअरिंग बेअरिंग खड्डे पडलेले, स्विंगआर्मचे बुश ढिले, आणि त्यात हे. मग हँडल थरथरतं आणि दोष टायरच्या कंपनीला जातो.

गिअरिंगही दोन टक्क्यांनी लांबतं, ते मोठ्या इंजिनाला जाणवत नाही. स्पीडोमीटरचं मात्र पुढच्या चाकावर अवलंबून आहे, कारण या गाड्यांत त्याची केबल पुढच्या चाकातून निघते. मागे काहीही लावा, काट्याला फरक पडत नाही. पुढे १००/९० लावलात तर चाक मोठं, फेरे कमी, आणि काटा खऱ्या वेगापेक्षा दोनेक टक्के कमी दाखवणार. जुने स्पीडोमीटर मुळातच चढं दाखवतात म्हणून चालून जातं, एवढंच.

मीनाताई_साइडकार
स्टँड विसरलात सगळे. उंच टायर लावला की मेन स्टँडवर मागचं चाक जमिनीवरून उचललंच जात नाही, मग चेनला तेल लावायचं कसं? बुटका लावला तर साइड स्टँडवर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने दुसऱ्या अंगाला कलंडते. दोन्ही प्रकार पाहिलेत.

नवशिका
मधेच घुसतो, माफ करा. माझी लहान गाडी आहे, आरएक्स १००. मागे २.७५-१८. तिथे ३.००-१८ किंवा ९०/९०-१८ टाकावा का? मित्र म्हणतात ग्रिप वाढते.

तेलकट_हात
@नवशिका, त्या गाडीचं वजन शंभरेक किलो. ९०/९० ला रिम किमान १.८५ लागते, तुझी बघ किती आहे. अरुंद असेल तर तो विषय संपला. ३.००-१८ बऱ्याच जणांनी टाकलाय, पण गाडी जड वाटायला लागते. लहान इंजिनला चाकाचं वजन आणि घेर दोन्ही ओढावं लागतं, पिकअप मरतो. मेट्रिकच हवा असेल तर ८०/९०-१८ चा हिशेबी व्यास ६०१ येतो, २.७५-१८ चा ५९७. तो शोध. ग्रिप वाढवायची तर त्याच मापात चांगल्या रबराचा टायर घे. रुंदीने ग्रिप वाढते हा समज नव्या गाड्या बघून झालाय. त्यांच्या रिमही तेवढ्याच रुंद असतात हे कोणी बघत नाही.

नवशिका
धन्यवाद! रिमवर १.६० आहे. विषय संपला 😀

लोखंडी_घोडा
टायर उतरवून घेतले. पुढच्या रिमवर १.८५, मागच्या रिमवर २.१५. व्हर्नियरनेही तेच आलं, म्हणजे रिम मूळच्याच. चाक पुढे सरकवून बघितलं, ४.०० ला सगळीकडे जागा आहे, चेनगार्डपाशी मात्र फट फारशी नाही. म्हणजे १२०/९० आपोआप बाद. भरदारपणाचा मोह आवरतो.

आता प्रश्न उरला ११०/९० की इंचीच ४.००. शिवाय रेडियलबद्दलही सांगा, काही रेडियल १८ इंचात मिळतायत.

चेन_लूब
रेडियल सोडून द्या. ती चौकट, ते शॉक, त्या रिम क्रॉसप्लायच्या हिशेबाने बनल्यात. रेडियलला रिमही रुंद लागते, तुमच्या २.१५ वर बसेल असा क्वचितच सापडेल. आणि एकाच चाकाला बदलायचा विचार असेल तर पुढे रेडियल, मागे क्रॉसप्लाय ही जोडी तर मुळीच नको. मापाच्या मधलं चिन्ह बघा : आडवी रेघ म्हणजे क्रॉसप्लाय, बी म्हणजे बेल्टेड, आर म्हणजे रेडियल.

तेलकट_हात
माझं मत : ११०/९० चालेल, पण २.१५ ही त्याची खालची हद्द आहे. हद्दीवर बसवलेला टायर नियमात असतो, उत्तम असतोच असं नाही. ४.००-१८ मिळत असेल तर तोच घ्या. अरुंद रिमच्या जमान्यातलंच माप आहे ते, २.१५ वर त्याचा माथा जसा हवा तसा गोल राहतो. नक्षी थोडी जुन्या वळणाची मिळेल. सत्तरच्या दशकातल्या गाडीला ती शोभते, असं आपलं मला वाटतं. नक्षीवरून मेट्रिककडे जाणं म्हणजे शेपटाने कुत्रा हलवणं.

दोन्ही टायर मात्र एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या. पुढचा आणि मागचा माथा एकमेकांशी जुळवून घडवलेला असतो.

मीनाताई_साइडकार
लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि कमाल वेगाचं अक्षर बघायला विसरू नका. ६१ म्हणजे २५७ किलो, ६४ म्हणजे २८०. पुढच्या टायरला ५२ आला तर २०० किलो, ५४ ला २१२. तुमच्या गाडीचं वजन दोनशेच्या वर, त्यात दोन माणसं आणि सामान, बहुतेक भार मागे. अक्षरांत एस १८० किमी, एच २१०. तुम्ही ताशी ८० ने जात असलात तरी ही गाडी मूळची दोनशेच्या आसपास धावणारी, म्हणून एचच्या खाली उतरू नका. लहान गाड्यांसाठीचे पी अक्षराचे टायरही १८ इंचात मिळतात, दिसायला तसेच, किंमत कमी. पी म्हणजे १५०.

जुन्या टायरवर ४पीआर (प्लाय रेटिंग, ताकद सांगायची जुनी पद्धत) असं असेल तर त्याची थेट तुलना करता येत नाही, नव्याचा इंडेक्सच बघायचा.

सुसाट
ट्यूब जुनीच वापरली तर चालते ना? माझी चांगली आहे.

चेन_लूब
नाही. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. ट्यूबवर कोणत्या मापांना चालते ते लिहिलेलं असतं, इंची आणि मेट्रिक दोन्ही, ते बघून घ्या. स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस लिहिलेला टायर बसवला तरी आत ट्यूब लागणारच, कारण स्पोकच्या भोकांतून हवा जाते. रिमची रबरी पट्टीही नवी टाका, दहा मिनिटांचं काम. जुनी कडक झाली की सरकते आणि निपलचं (स्पोक आवळायच्या नटाचं) टोक ट्यूबला लागतं.

व्हॉल्व्हवरचा नट रिमला आवळून टाकू नका. तो वर टोपीकडे नेऊन ठेवा. टायर रिमवर सरकायला लागला तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि लगेच दिसतं. खाली आवळला असेल तर तो सरळच दिसतो आणि एक दिवस मुळापासून तुटतो. पुढचं चाक असेल तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

लोखंडी_घोडा
एका मालिकेत दोन्ही इंची मापं सापडली. पुढे ३.२५-१९, सरळ उभ्या धारांचा रिब्ड, ५४ एच. मागे ४.००-१८, ६४ एच. माहितीपत्रकात रिमची मर्यादा बघितली, १.८५ आणि २.१५ दोन्ही आत बसतात. पैसे भरण्याआधी दुकानदाराकडून तारखेच्या शिक्क्याचा फोटो मागवला, दोन्ही याच वर्षीचे. ट्यूब आणि रिमच्या पट्ट्याही सांगितल्यात.

बसवणार घरीच. बाणाची दिशा बघायची हे माहीत आहे. अजून काही?

तेलकट_हात
बीडला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, टायर रिमवर घसरतो. हवा भरल्यावर साइडवॉलवर रिमच्या कडेलगत एक बारीक रेघ असते, ती चाकाच्या पूर्ण घेरात रिमपासून सारख्या अंतरावर आली पाहिजे. एके ठिकाणी आत दबलेली असेल तर बीड बसलेला नाही. हवा सोडा, पुन्हा साबण, पुन्हा भरा. हट्टी असेल तर जास्त दाबाने ढकलत बसू नका, साइडवॉलवर लिहिलेल्या मर्यादेपुढे जायचं नाही.

बाणाबद्दल : काही टायरांवर दोन बाण असतात, एक पुढच्या चाकासाठी, एक मागच्यासाठी, एकमेकांच्या उलट. पुढच्याला मुख्य जोर ब्रेकचा, मागच्याला इंजिनाचा, आणि रबराचा सांधा त्या जोराने उकलू नये म्हणून तसं. चुकीचा बाण वाचून बसवलेले बरेच बघितलेत. साइडवॉलवर रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणा, ती टायरची हलकी बाजू.

आकडेमोडे
आणि बसवल्यावर प्रत्यक्ष व्यास मोजून इथे टाका. हवा भरून, चाक अधांतरी ठेवून घेरावर टेप फिरवायचा आणि ३.१४ ने भागायचं. माझे ६६० किती खरे ते बघायचंय. माझा अंदाज, दहाएक मिमी कमी निघेल. मोठ्या इंची मापात उंची शंभर टक्क्यांच्या जरा खालीच असते.

लोखंडी_घोडा
आकडेमोडे, तुमचा अंदाज बरोबर. मागचा घेर २०४५ मिमी आला, म्हणजे व्यास ६५१. पुढचा २०३३, म्हणजे ६४७. मेन स्टँडवर चाक सुटतंय. चेनगार्डपाशी ७ मिमी फट.

आकडेमोडे
६५१! म्हणजे १२०/९० तुमच्या खऱ्या ४.०० पेक्षा तेरा नाही, बावीस मिमी उंच पडला असता. मी वर काढलेला ॲक्सलचा फरकही साडेसहाचा अकरा होतो. कागदी हिशेबाने मी त्याला सौम्यच वागवलं म्हणायचं.

सुसाट
माझ्या मागच्या रिमवरचा आकडा आज पुसून बघितला. २.१५. पुढच्या वेळी टायर घेताना इकडे येतो.

चेन_लूब
नक्षी शिल्लक आहे तोवर फट तरी मोजून घ्या, चाक पुढे सरकवून.